कॅसेटच्या पाठीवरचं नाव

प्रिय ईशान आणि सई,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला एक प्रश्न विचारलात आणि मी ‘लिहून कळवते’ म्हणून तो पुढे ढकलला. आत्याआजीच्या कपाटातल्या त्या गेमचं काय करायचं, हा तो प्रश्न. मला फोनवर पटकन उत्तर देता येत नाही. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे असेल, मुद्दे नीट मांडल्याशिवाय मला बोलल्यासारखं वाटत नाही. पण आता फार दिवस थांबताही येणार नाही. आपली नेरूळची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे, दिवाळीच्या आत सगळ्यांनी जागा सोडायच्या आहेत आणि कुठली वस्तू कुठे जाणार हे मला आत्ताच ठरवायला हवं. मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील, आणि वाचताना ते मध्येच थांबले तर त्यांना थांबू द्या. हा मजकूर रविवारच्या पुरवणीलाही देणार आहे, म्हणून तुम्हाला ठाऊक असलेल्या काही गोष्टी पुन्हा येतील. कंटाळू नका.

आत्याआजी म्हणजे कुमुद, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण आणि माझी नणंद. तोंडावर मी तिला कधी अगं-तुगं केलं नाही. शेवटपर्यंत ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ असंच चाललं. लिहायला बसल्यावर मात्र ‘ती’ असंच येतंय, तर येऊ दे.

दीडेक महिन्यापूर्वी ती गेली. बातमी आली तेव्हा मी तिच्याच कपाटापुढे उभी होते. हॉस्पिटलमधून सकाळी घरी आले होते, तिचा कंगवा आणि चष्म्याची दुसरी जोडी न्यायला. आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली होती, “वहिनी, उद्या तुम्हीच केस विंचरून द्या हो, ही सिस्टर फार ओढते.” कंगवा लगेच सापडला. चष्मा शोधत होते तेवढ्यात फोन वाजला... पलीकडून बोलणारी मुलगी फार सांभाळून बोलत होती, त्यावरूनच कळलं. माझ्या समोर, मधल्या फळीवर, घडी केलेल्या साड्यांच्या बाजूला तो गेमचा खोका होता. मी कितीतरी वेळ त्या खोक्याकडेच पाहत राहिले, कारण दुसरीकडे कुठे पाहायचं ते सुचत नव्हतं.

पुढे तुमचे बाबा, म्हणजे माझा निखिल, आले, सगळं यथासांग पार पडलं आणि जायच्या आदल्या दिवशी निखिलनं त्या गेमचा फोटो काढून ईशानला पाठवला. ईशान, तू दुसऱ्याच दिवशी मला इंटरनेटवरची किंमत वाचून दाखवलीस. मला आधी वाटलं, तू शून्य मोजायला चुकलास. तूच मग समजावून सांगितलंस की या गेमच्या प्रती त्या काळी थोड्याच निघाल्या होत्या, आणि काळोखे वाडे आणि शवपेट्या असलेल्या त्या जुन्या गेमच्या मागे लागलेली माणसं आज जगभर आहेत. खोका, आतली पुस्तिका आणि कॅसेट, तिन्ही जागेवर आणि तिन्ही कोरी हवीत. तुमच्या गावात जुन्या गेमचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांनी फोटो पाहून सांगितलं की बाकी सगळं चालेल, पण पाठीवर नाव कोरलेलं आहे तिथेच सगळी किंमत जाते. आणि मग उपायही सांगितला. पाठीचं प्लास्टिक बदलता येतं. दुसऱ्या एखाद्या स्वस्त कॅसेटचं काढून हिला बसवायचं, आतला सेल नवा घालायचा, झालं. नाव गेलं की वस्तू परत बाजारात उभी राहते.

तुम्ही मला दोन गोष्टी विचारल्यात. पाठ बदलू द्यायची का? आणि मुळात इतक्या शहाण्या बाईनं गेमवर नाव कशाला कोरून घेतलं? पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे, म्हणून आधी दुसरं सांगते.

आम्ही नेरूळला राहायला आलो तेव्हा इथे इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. सासूबाई गेल्यावर कुमुदही दादरची खोली सोडून आमच्याकडे आली. बेलापूरला एका सरकारी कार्यालयात ती क्लार्क होती, त्यामुळे आमच्यापेक्षा तिचंच येणंजाणं सोयीचं झालं. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही हे मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही आणि त्यामुळे आमचं काही अडलं नाही. ती आली तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक, एक शिवणयंत्र आणि भांड्यांची दोन पोती आली. भांडी सगळी सासूबाईंची होती. प्रत्येकावर त्यांचं नाव होतं.

तुमच्या घरात भांड्यांवर नावं नसतात. आमच्याकडे स्टीलचं भांडं दुकानातून घरी यायच्या आधीच त्यावर नाव घातलं जायचं. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा माणूस बसलेला असे, त्याच्या हातात विजेवर चालणारी पेनसारखी सुई. टर्रर्र आवाज करत तो ताटाच्या काठावर किंवा डब्याच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव काढायचा. सत्यनारायणाला शेजारून पातेली आणायची, हळदीकुंकवाला वाट्या लुटायच्या, कुणाच्या मुंजीला परात पाठवायची... भांडी सारखी या घरातून त्या घरात हिंडायची, आणि नाव असल्यामुळेच परत यायची. आमच्या घरात हे खातं कुमुदकडे होतं. तिचं अक्षर टपोरं. काय घालायचं ते ती चिठ्ठीवर लिहून न्यायची आणि तो काढत असताना समोर उभी राहायची. घरातल्या भांड्यांवर माझं नाव, सौ. लावून. नातेवाइकांच्या लग्नात द्यायच्या भांड्यांवर तुमच्या आजोबांचं आणि माझं. भांडं पुष्कळदा तिच्या पगारातून आलेलं असे, तरी नाव आमचंच. एकदा मी म्हटलं, “वन्सं, एखाद्या डब्यावर तुमचंही नाव घाला की.” ती म्हणाली, “माझं नाव रोज मस्टरवर असतं, वहिनी. आणखी कुठे मिरवू?” आणि हसून चहा टाकायला गेली.

मस्टर म्हणजे ऑफिसचं हजेरीपुस्तक, सई.

तो गेम माझ्या भावानं आणला. तो बोटीवर इंजिनियर होता आणि येताना निखिलसाठी नेहमी काहीतरी आणायचा. नव्वदच्या दशकाचा मधला काळ होता, निखिल आठवीत. हातात मावेल असं करड्या रंगाचं यंत्र, त्याला पिवळट हिरवा पडदा, आणि पाठीमागच्या खाचेत बसवायचा चौकोनी तुकडा. त्या तुकड्यात गेम असे आणि मुलं त्याला कॅसेट म्हणत. ही कॅसेट एका डोंगरावरच्या दगडी वाड्याची होती. वाड्याचा मालक दिवसा शवपेटीत झोपायचा. वटवाघळं, सांगाडे, लोखंडी दारं, आणि हातात साखळी घेऊन आत शिरलेला एक झगेवाला. कॉलेजात असताना मी अशा वाड्यांच्या इंग्रजी कादंबऱ्या भरपूर वाचल्या होत्या, त्यामुळे मला त्याचं नवल नव्हतं. निखिल मात्र पहिल्या आठवड्यात जेवतानाही ते यंत्र मांडीवर ठेवायचा.

कुमुदला त्यातली एकच गोष्ट खटकली. वाड्याच्या भिंतींवर कोनाड्यांत दिवे लावलेले होते. साखळी मारून दिवा फोडला की त्यातून बदाम पडायचा, पत्त्यातल्या बदामासारखा, आणि बदाम म्हणजे झगेवाल्याला मिळालेला जीव. एका संध्याकाळी ती देवापाशी निरांजन लावून बाहेर आली आणि निखिलच्या खांद्यावरून पाहत उभी राहिली.

“अरे, हा काय करतोय? दिवे फोडतोय मेला!”

“त्यात जीव असतात, आत्या.”

“असू देत. तिन्हीसांजेला दिवे फोडायचे? दुसऱ्याच्या घरात घुसून?”

“तो राक्षस आहे गं!”

“राक्षस असला तरी दिवे लावतोय ना वेळेवर? तू तुझ्या खोलीतली ट्यूबसुद्धा लावत नाहीस.”

तुमच्या आजोबांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला.

पुढे निखिल दहावीत गेला. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आमच्या घरात केबल तोडली गेली, क्रिकेटची बॅट माळ्यावर गेली आणि गेम आत्याच्या कपाटात गेला. कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. निखिलनं कुरकूर केली नाही, कारण आत्यापाशी वस्तू सुखरूप राहते हे त्याला माहीत होतं. ती तशी राहिलीही. कुमुदनं आतल्या पुस्तिकेला खाकी कव्हर घातलं, वर शाळेचं लेबल चिकटवलं आणि त्यावर ‘सूचना’ असं लिहिलं. ईशान, त्या लेबलामुळेही किंमत कमी होते असं तू म्हणालास, तेव्हा तुझे बाबा पलीकडे तोंड करून हसत होते ते मी पाहिलं.

काही आठवडे गेले असतील. शाळा लवकर सुटली म्हणून मी दुपारीच घरी आले. त्या दिवशी कुमुदला रजा होती. बाल्कनीतल्या खुर्चीवर ती पाय वर घेऊन बसली होती, चष्मा कपाळावर, यंत्र नाकाजवळ, आणि ओठ घट्ट मिटलेले. मी आल्याचं तिला कळलंसुद्धा नाही. वटवाघळानं झगेवाल्याला पाडल्यावर तिनं ‘शी!’ म्हणून मान वर केली तेव्हा मी दिसले.

“सेल खराब होतात म्हणे न वापरता,” ती म्हणाली. “म्हणून अधूनमधून चालू करते.”

“मी कुठे काय म्हटलं, वन्सं?”

“निखिलला सांगू नका. त्याचा अभ्यास बिघडेल.”

त्यानंतर ते आमचं दोघींचं झालं. ऑफिसातून आली की हातपाय धुवून, दिवा लावून ती बाल्कनीत बसायची. निखिल आतल्या खोलीत दार लावून प्रमेयं पाठ करायचा आणि ही बाहेर आवाज बंद करून वाड्यात शिरायची. एकही दिवा न फोडता. ते फार अवघड होतं. जीव मिळायची ती मुख्य वाट, आणि हिनं ती स्वतःहून बंद करून टाकलेली. दुसऱ्या कुणी असा नेम केला असता तर मी त्याला हट्ट म्हटलं असतं. ती त्याबद्दल काही बोलायचीच नाही, फक्त कोनाडा आला की साखळीच्या बटणावरचा अंगठा उचलायची. पहिल्या जिन्यावर महिना गेला, विहिरीच्या खोलीत त्याहून जास्त. सारखं मरायचं, सारखं पहिल्यापासून जायचं. कधीतरी ती ते यंत्र पर्समध्ये घालून ऑफिसातही नेऊ लागली. तिच्या टेबलाशेजारच्या बाई जेवणाच्या सुट्टीनंतर म्हणायच्या, “कुमुदताई, भुतं मारून झाली असली तर ही फाइल मारा जरा.” हे तिनंच मला हसत हसत सांगितलं.

अखेर निखिलला कळलंच. पाणी प्यायला बाहेर आला आणि दारातच उभा राहिला. मला वाटलं, चिडेल. तो चिडला नाही. नुसता बघत राहिला आणि मग न राहवून ओरडला, “अगं आत्या, दिवा! फोड ना! एकच जीव राहिलाय तुझा!”

“एक पुरतो,” कुमुद म्हणाली आणि उडी मारून पुढे गेली.

परीक्षा संपली, निकाल चांगला लागला, आणि गेम निखिलला परत मिळाला. तोवर त्याचं मन त्यातून उडालं होतं. वाशीला एक दुकान होतं, तिथे जुनी कॅसेट देऊन वर थोडे पैसे भरले की दुसरी मिळायची. निखिलच्या मित्रांकडे मोटारींच्या शर्यतीचा गेम आला होता आणि त्याला तोच हवा होता. दुकानदारानं म्हणे सांगितलं होतं की वाड्याची कॅसेट मिळत नाही, खोक्यासकट आणलीस तर वर काही भरायला नको. म्हणजे संग्राहकांची ती किंमत तेव्हाच थोडी थोडी सुरू झाली होती, फक्त आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं.

तो निघाला तेव्हा कुमुदनं स्वतः कॅसेट पुसून खोक्यात घातली, पुस्तिका घातली आणि खोका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याच्या हातात दिला. “नीट ने,” एवढंच म्हणाली. मग ती बाल्कनीत गेली आणि वाळत घातलेले कपडे काढू लागली. ते अजून ओले होते. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. बोलावं का, हा विचार माझ्या मनात आला, पण वस्तू निखिलची होती, आणि तिनं स्वतःहून काही मागितलं असतं तर ती कुमुद नसती.

वाशीला काय झालं ते निखिलनं रात्री जेवताना सांगितलं. दुकानदारानं कॅसेट लावून पाहिली. सुरुवातीलाच पडद्यावर तीन जागा दिसायच्या, ज्याचा खेळ जिथवर आला असेल तो तिथे साठवलेला असायचा, नावासकट. पहिल्या जागेवर निखिलचं नाव होतं, अर्ध्या वाड्यापर्यंत गेलेलं. दुसरी रिकामी. तिसऱ्या जागेवर इंग्रजी अक्षरांत कुमुद, आणि तो खेळ शेवटच्या दारापाशी येऊन थांबलेला.

“ये कुमुद कौन है?” दुकानदारानं विचारलं. “लास्ट तक गया है बंदा.”

“माझी आत्या आहे,” निखिल म्हणाला.

दुकानदारानं एकदा त्याच्याकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, “ठीक है. डिलीट मारतो. गिऱ्हाइकाला कोरी लागते.”

दुकानदाराचा अंगठा बटणावर गेला, असं निखिल सांगत होता, आणि तेवढ्यात यानं हात पुढे करून यंत्र काढून घेतलं. का, ते त्याला नीट सांगता येईना. ‘नको वाटलं,’ एवढंच म्हणाला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला याहून जास्त काय सांगता येणार? मग त्यानं पिशवी आत्याच्या ताटाशेजारी ठेवली. “तूच घे. मला नको. तुझीच आहे ती.”

कुमुदनं पिशवीला हात लावला नाही. उष्टा हात तसाच ताटात. तिनं विचारलं, “पुसता येतं होय रे ते?”

“कुणीही पुसू शकतं. दोन बटणं दाबली की झालं.”

“असं होय,” ती म्हणाली आणि भात कालवू लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना ती परस्पर नेरूळच्या बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गेली. योगायोगानं मीही तिथेच होते, कुकरची रिंग घ्यायला. पायरीवरच्या त्या माणसापुढे ती उभी होती आणि तो कॅसेट उलटसुलट करून पाहत होता.

“ताई, हे प्लॅस्टिक आहे. तडा जाईल.”

“हळू घाला. घाई नाही मला.”

“काय घालू? चिठ्ठी आणलीय?”

चिठ्ठी आणलेली नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. “कुमुद,” ती म्हणाली.

“सौ. घालू की श्रीमती?”

“काहीच नको.”

“आडनाव?”

“नको. नुसतं कुमुद घाला. आणि जरा खोल जाऊ दे.”

मी मागे उभी होते ते तिला माहीत नव्हतं. सुई टर्रर्र वाजली, प्लास्टिक जळाल्याचा वास आला, शेवटच्या अक्षरापाशी तो माणूस थांबून फुंकर मारू लागला. ‘द’चा शेवट थोडा वितळून पसरला आहे, तुम्ही फोटोत पाहिलाच असेल. त्यानं पैसे घेतले नाहीत, म्हणाला, प्लॅस्टिकचे कसले पैसे. मी हाक मारली नाही. रिंग न घेताच दुसऱ्या वाटेनं घरी आले.

घरी सगळ्यांनी तिची थट्टा केली. तुमचे आजोबा म्हणाले, “उद्या टीव्हीवरही घालून आण.” निखिलनं कपाळावर हात मारला, “आत्या, आता हिला कुत्रंही विचारणार नाही!” कुमुद म्हणाली, “विचारू नये म्हणूनच.” एकटी हिराबाई तिच्या बाजूनं होती. हिराबाई सारसोळ्याची, आमच्या दारावर मासळी घेऊन यायची. टोपली उतरवून ती जिन्यात बसली होती तेव्हा कुमुदनं तिला कॅसेट दाखवली.

“ही डबी कसली गो, ताय?”

“खेळ आहे, हिराबाई. मला निखिलनं दिला.”

हिराबाईनं पाठ फिरवून नावावर बोट फिरवलं. “नाव घातलास तं बरा केलास. आता कोन नेनार नाय.” आणि लगेच पुढे, “बोंबील घेतस का? ताजं हाय.”

गेम तिनं कधी संपवला का, असं सईनं विचारलं होतं. एकदा संपवला. रविवारी दुपारी, निखिल शेजारी बसलेला असताना. वाड्याचा मालक मेला आणि मग पडद्यावर तो अख्खा वाडा कोसळला, दिव्यांसकट. निखिल टाळ्या वाजवत होता. कुमुदचा चेहरा मात्र पडला. “हे काय? इतके दिवे सांभाळत आले, आणि घरच पाडलं?” त्यानंतर ती पुन्हा त्या शेवटच्या खोलीत गेली नाही. वर्षानुवर्षं खेळली, पण शेवटच्या दारापर्यंत जायचं आणि तिथे यंत्र बंद करून ठेवायचं. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या कागदांवर सही करायची वेळ आली तेव्हा मला ते आठवलं. तिलाही आठवलं असावं. माझ्या सहीखाली साक्षीदाराची सही करून पेन परत देताना ती म्हणाली, “चला, आलं दार.” कमिटीतल्या लोकांना काही कळलं नाही.

निखिल शिकायला गेला, तिकडचाच झाला. आजोबा गेले. या घरात मग आम्ही दोघीच उरलो, आणि लोकांना वाटायचं तितकं ते उदास नव्हतं. कुमुद निवृत्त झाली होती. सकाळी मी वर्तमानपत्र वाचायचे, ती वाती वळायची. वाती ठेवायला तिला योग्य आकाराचं काही सापडेना, म्हणून एके दिवशी तिनं गेमचा तो खोका रिकामा केला. कॅसेट आणि पुस्तिका रुमालात बांधून शेजारी ठेवल्या आणि खोक्यात वाती भरल्या. खोक्याच्या झाकणावर दगडी वाडा, चंद्र आणि वटवाघळं. आत कापसाच्या पांढऱ्याशुभ्र वाती. तेलाचे डाग त्यावर तेव्हापासूनचे. ईशान, रिकाम्या खोक्यालाच कॅसेटहून जास्त भाव येतो असं तू सांगितलंस तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. तिला हे कळलं असतं तर तिनं सगळ्या सोसायटीत सांगितलं असतं.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ती बाल्कनीतून म्हणाली, “वहिनी, पुसलं गेलं बघा.” मी गेले. पडद्यावरच्या तिन्ही जागा रिकाम्या होत्या. कॅसेटच्या आत नाणंभर सेल असतो, तो संपला की साठवलेलं सगळं जातं, हे निखिलनं मग फोनवर सांगितलं. कुणी बटण दाबलं नव्हतं, नुसता काळ गेला होता. मला फार वाईट वाटलं. तिला काय वाटलं ते कळलं नाही. तिनं कॅसेट बाहेर काढली, उलटी केली, पाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “हे आहे.” मग ती परत आत सरकवली आणि पहिल्या जिन्यापासून सुरुवात केली.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. मी त्या दुकानदार गृहस्थांना दोष देत नाही. जुन्या वस्तू जपणारी माणसं मला आवडतात, आणि त्यांची मोजमापं त्यांच्या ठिकाणी बरोबर आहेत. त्यांना वस्तू जशी कारखान्यातून निघाली तशी हवी असते, मध्ये जणू कुणाच्या घरी गेलीच नाही अशी. ही कॅसेट आमच्या घरी आली होती. तिला जी किंमत आज आहे ती दुर्मीळ असल्याची आहे, हे मला मान्य. पण तुम्हीच हिशोब करून पाहा. तसल्या कॅसेटी जगात थोड्या का होईना, आहेत. गेल्या महिन्यात मी हे घर आवरताना प्रत्येक भांडं हातात घेतलं. ताटं, वाट्या, पिंप, परात, कुकर. सासूबाईंचं नाव आहे, माझं आहे, आजोबांचं आहे, कुठल्याशा लग्नातल्या पाहुण्यांचीही आहेत. त्यातली बहुतेक आता वजनावर जातील आणि जाऊ देत. त्या सगळ्या ढिगात कुमुदचं नाव एकाही भांड्यावर नाही. जे सगळं तिनं उभं राहून कोरून घेतलं त्यात ती कुठेच नाही. मस्टरवरचं नाव ऑफिसनं केव्हाच काढलं, सोसायटीच्या पाटीवर ते कधी नव्हतं.

म्हणून पाठ बदलायची नाही. विकायचीही नाही. नव्या घरीही ती माझ्याकडेच राहील आणि माझ्यानंतर निखिलकडे येईल, कारण वाशीच्या दुकानात हात पुढे करून ती त्यानं परत आणली होती. तुम्ही तिच्याशी खेळा. दिवे फोडायचे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

परवा मी यंत्रात नवे सेल घालून पाहिले. गेम सुरू होतो. तिन्ही जागा रिकाम्या आहेत. खोक्यात थोड्या वाती शिल्लक आहेत, आज संध्याकाळी त्यातलीच एक लावली. कॅसेटच्या पाठीवर ‘कुमुद’ आहे, आणि बोट फिरवलं तर अजून हाताला लागतं.

तुमची,
आजी